पेंटरचं चित्र आणि माझी सही

“हे कुणी लावलं?”

चेअरमन बापूसाहेब दानोळे आमच्या नोटीसबोर्डासमोर उभे होते. हात मागे बांधलेले, मान जरा वर. त्यांच्यामागे पुण्याहून आलेले दोन पाहुणे आणि पाहुण्यांच्या मागे मी. बोर्डावरचं चित्र वहीच्या पानाएवढंच होतं. ते ज्यांनी काढलं ते दस्तगीर पेंटर माझ्यापासून चार हातांवर खाटेवर आडवे होते. डाव्या हातात दोन सुया, सुयांना दोन नळ्या, एकीतून रक्त मशीनकडे चाललंय, दुसरीतून धुऊन परत येतंय. त्यांना उठता येणं शक्य नव्हतं. डोळाही लागला होता. जागे असते तर माझ्या आधी तेच बोलले असते.

“सिस्टर, तुम्हाला विचारतोय.”

“मला माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

टाचण्या मी दिल्या होत्या. चित्र लावायला स्टुलावर चढले होते तीही मीच.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी एस्तर लोंढे, तेव्हा सव्वीस वर्षांची, मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या खोलीची नर्स होते. किडन्या निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा आमच्याकडे यायची, चार-चार तास मशीनला जोडून पडून राहायची आणि पुढच्या तीन-चार दिवसांचं आयुष्य घेऊन घरी जायची. खोलीत मशीन चार होती. चालू तीन. चौथं येऊन आठ महिने झाले होते. त्याच्यावर पितळी पट्टी होती, ‘कै. मातोश्री चंद्राबाई दानोळे यांच्या स्मरणार्थ’. उद्घाटनाला झेंडूचा हार घातला होता तो वाळून काळा पडला, पण काढायची कुणाची छाती झाली नाही. मशीनला शुद्ध पाण्याची नळी जोडायची राहिली होती. नळी आणायची तर मधली भिंत फोडायला हवी होती, आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक होता. फलक काढायचा तर विश्वस्तांची बैठक हवी. बैठक होत होती, विषय पुढे जात होता.

सोमवार-गुरुवार सकाळच्या पाळीला माझे तिघे ठरलेले. पहिले कवठेकर मास्तर, निवृत्त शिक्षक, वय सत्तरीला टेकलेलं. दुसरी शेवंताआक्का, बाजारात भाजी विकायची, तोंडानं फटकळ. आणि तिसरे पेंटर. मार्केटातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पंचेचाळिशीत दोन्ही किडन्या गेल्या.

आले तेव्हा ते इतरांसारखेच गप्प होते. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला पाणी अर्धाच लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. जास्त प्यालात तर फुप्फुसात पाणी भरेल. पेंटरनी मान हलवली. पुढच्या गुरुवारी येताना छातीवर ठेवून लिहायचं पॅड आणि काळं स्केचपेन घेऊन आले. उजवा हात मोकळाच असायचा. तासाभरानं मला म्हणाले, “सिस्टर, हे जरा आक्कांना दाखवा.”

मी पाहिलं. एक माणूस विहिरीच्या काठावर, उडी मारायच्या बेतात. मागून बायको ओरडत पळत येतेय. खाली एक ओळ: ‘अहो, डॉक्टरांनी अर्धाच लिटर सांगितलंय!’

मला राग आला. आजारी माणसांच्या खोलीत हे काय काढायचं? “हे मी दाखवणार नाही,” मी म्हणाले. तोवर आक्कानं हात लांब करून कागद ओढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी पलीकडून ओळ वाचली. आक्का क्षणभर बघत राहिली आणि मग अशी हसली की हात हलून नळी मुडपली आणि मशीनचा भोंगा वाजायला लागला. मी धावले. भोंगा बंद केला, नळी सरळ केली, तिला दटावलं. ती डोळे पुसत म्हणाली, “माझी म्हातारी सासू असंच वरडंल बग. मरायला लागले तरी वरडंल, जास्ती पिऊ नगंस म्हनून.”

दीड महिन्यात आक्काच्या तोंडून मी सुई टोचल्यावरची शिवी सोडून काही ऐकलं नव्हतं.

मग दर खेपेला एक चित्र. पेशंट मशीनकडे बोट दाखवून नर्सला म्हणतोय, ‘रक्त धुऊन झालंच आहे, तर एक इस्त्री मारा.’ त्यातली नर्स मी होते, नाक जरा जास्तच मोठं काढलेलं. दुसऱ्या चित्रात एक नातेवाईक खाटेवरच्या माणसाला हळूच विचारतोय, ‘दहाव्याला सुट्टी टाकायचीय, साधारण तारीख कळली असती तर बरं.’ माझा विरोध केव्हा गळून पडला ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की तिसऱ्या आठवड्यात बोर्डावरची जुनी परिपत्रकं काढून मी जागा करून दिली. दुपारच्या पाळीचे पेशंट आले की आधी बोर्डाकडे जायचे, मग वजनकाट्याकडे.

एकदा मी त्यांना विचारलं, “पेंटर, जरा आनंदाचं काहीतरी काढा की. फुलं काढा, पक्षी काढा.”

“तीस वर्षं तेच काढलं, सिस्टर. साडीच्या दुकानावर मोर, डेअरीवर गाय.” ते हसले. मग म्हणाले, “घरी सगळे मला सांगतात, काही होत नाही, बरे व्हाल. बायको सांगते, भाऊ सांगतो. मी पण त्यांना तेच सांगतो. दिवसभर आम्ही एकमेकांशी खोटं बोलतो. ह्या कागदावर तेवढं बोलावं लागत नाही.”

“पण एकच चित्र का? पुढं काय झालं ते तरी काढा.”

“चौकट एकच बरी. तिला मागचं नाही, पुढचं नाही.” पेन बंद करत ते म्हणाले, “आम्हाला तरी पुढचं कुठं फार आहे?”

जूनमध्ये मालन गेली. हुपरीची, एकोणतीस वर्षांची, नवरा चांदीकाम करायचा. ती दुपारच्या पाळीची. पाळ्या भरलेल्या म्हणून तिला आठवड्यातून एकदाच मशीन मिळायचं. चौथं सुरू झालं की दोनदा देऊ, असं तिला आम्ही आठ महिने सांगत होतो. आम्ही म्हणजे मीच. एका बुधवारी तिला रिक्षातून आणली. सूज डोळ्यांपर्यंत चढलेली, श्वास घेता येत नव्हता. तिन्ही मशीनवर माणसं होती. एकाला काढून तिला लावेपर्यंत ती गेली, त्या चौथ्या मशीनच्या शेजारच्या बाकावर. अंग मी पुसलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पेंटरनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलेलं होतं. ते तासभर काढत बसले. नेहमी मिनिटांत व्हायचं. मग कागद माझ्याकडे दिला.

चौथं मशीन होतं. अगदी हुबेहूब, पितळी पट्टी आणि वाळलेल्या हारासकट. त्याच्यासमोर दोन पेशंट टोप्या काढून, हात जोडून उभे. एक विचारतो, ‘कधी गेली हो?’ दुसरा सांगतो, ‘आली त्याच दिवशी.’

मास्तरांनी वाचलं. कुणी हसलं नाही. मग आक्काच्या घशातून एक आवाज आला, हुंदक्यासारखा, आणि तो हसणं निघाला. मास्तर हसले. मीही. तोंडावर हात दाबून, बेसिनपाशी पाठ करून मी इतकी हसले की पोटात कळ आली, आणि हसता हसता मला मालनच्या पायातली जोडवी दिसत होती. आठ महिने त्या हारावरची धूळ मी झटकत होते. ते मशीन मेलेलं आहे हे त्या दिवसापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं.

स्टूल घेतलं आणि चित्र लावलं, बोर्डाच्या मधोमध.

पुढच्या गुरुवारी पाहुणे आले.

“मला माहीत नाही, सर,” मी म्हणाले तेव्हा पाहुण्यांपैकी एकाला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घालवलं. बापूसाहेबांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“काढा ते. सगळी काढा.”

मी काढली. तोवर पेंटर जागे झाले होते. टाचण्या डबीत टाकताना मला त्यांची नजर पाठीवर जाणवत होती. ते म्हणाले, “साहेब, मी काढलंय ते.”

बापूसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही. पाहुण्यांना घेऊन बाहेर गेले. अर्ध्या तासानं ऑफिसातून टाइप केलेला कागद आला. शिपाई म्हणाला, बाकीच्या दोन पेशंटच्या सह्या घ्यायच्यात, साहेबांनी सांगितलंय.

मी तो मास्तरांना दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. “‘सदर चित्रांमुळे आम्हा रुग्णांच्या भावना तीव्र दुखावल्या असून आमच्या प्रकृतीवर विपरित परिणाम होत आहे. तरी संबंधितावर योग्य ती कारवाई व्हावी.’ पेन द्या.”

मी दिलं. सही करतायत असं वाटून, खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्यांनी ‘तीव्र’च्या पुढं ‘पणे’ लिहिलं, ‘विपरित’मधली वेलांटी दीर्घ केली आणि कागद परत दिला.

“शुद्ध करून दिलाय. सही मात्र ज्याच्या भावना दुखावल्या असतील त्याची घ्या.”

मी आक्काकडे गेले. कागद खाली ठेवून शाईचं पॅड उघडलं.

“कुनाच्या भावना?” आक्का म्हणाली. “माझ्या? पोरी, माझ्या किडन्या गेल्यात. भावना ठणठणीत हायत.”

पेंटर मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही. तो बिनसहीचा कागद माझ्याकडे उरला होता.

शुक्रवारी बापूसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मी ओरडा खायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

“आई कशी आहे? क्वार्टर्समध्ये तुमच्याजवळच असते ना?”

“हो सर.”

“बरं आहे. या वयात हॉस्पिटलच्या आवारातच घर असणं म्हणजे सोय.” चहा आला. “सिस्टर, त्या मशीनवर माझ्या आईचं नाव आहे. चार घरची धुणीभांडी करून तिनं मला शिकवलं. त्या नावापुढं लोक टोप्या काढून हसतायत. तुम्हाला काय वाटेल?”

त्यांचा गळा खरंच भरून आला होता. ते नाटक नव्हतं, हे मला आजही म्हणावं लागतं.

“पेशंट बिचारे घाबरतात, सही देणार नाहीत,” ते म्हणाले. “तुम्ही ड्यूटीवर असता. तुमच्या नजरेला जे आलं तेवढं लिहून द्या. मी सांगतो तसं.”

“पेंटरना काय होईल, सर?”

“काही नाही. समज देऊ.”

मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मानलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ‘ड्यूटीवरील परिचारिका या नात्याने माझ्या निदर्शनास आले आहे की, सदर चित्रांमुळे रुग्ण मानसिकदृष्ट्या खचले आहेत.’ खाली सही, तारीख. चहा निवायच्या आत झालं.

शनिवारी बोर्डावर तीन नवे कागद आले, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले. डोंगरामागून सूर्य उगवतोय आणि वर गुलाबी अक्षरांत ‘हसत राहा, आजार विसरा’.

सोमवारी सकाळी सव्वासातला मी खोली उघडली. साडेसातला मास्तर आले, जिना चढून धापा टाकत. गुरुवार ते सोमवार म्हणजे सगळ्यात लांबचं अंतर. चार दिवसांचं पाणी अंगात साठलेलं असतं. मागून आक्का आली, पण खाटेवर न जाता दाराजवळच्या स्टुलावर बसली.

“पेंटर खाली फाटकाशी बसलाय,” ती म्हणाली. “वाचमन आत सोडंना. यादीत नाव न्हाई म्हनतोय.”

मी खाली गेले. फाटकाबाहेरच्या बाकावर पेंटर आणि त्यांची बायको शमशादभाभी. पेंटरचा चेहरा सुजला होता, ओठ पांढरे. वॉचमननं मला यादी दाखवली. ट्रस्टच्या मोफत यादीतून दस्तगीर जमादार हे नाव पेनानं खोडलेलं होतं आणि समोर लिहिलं होतं, ‘तक्रारीवरून’.

“सांगलीला सरकारी दवाखान्यात जा म्हणतात,” भाभी म्हणाल्या. “तिथं दोन महिन्यांनी नंबर. ह्यांना दोन दिवस तरी निघतील का, सिस्टर?”

 मला पेंटरकडे बघवलं नाही. “मी बघते,” म्हणून वर आले आणि ऑफिसात फोन लावला. साहेब दहापर्यंत येतील, असं कळलं.

“आक्का, चला, तुम्हाला तरी लावते.”

आक्कानं डावा हात पदराखाली घेतला. “त्याला आत घ्या. मग मला सुई.”

“वेडेपणा करू नका. पाय बघा तुमचे.”

“बगितल्यात. माझंच हायत.”

मी मास्तरांकडे वळले. ते खाटेच्या कडेला बसले होते. झोपून श्वास घेता येत नव्हता, म्हणून बसले होते. “आक्कांचं म्हणणं मला मान्य आहे,” एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

आठ वाजले. साडेआठ. मी हात जोडले, रागावले, रडले. मास्तरांच्या ओठांवर निळसर झाक यायला लागली. मी त्यांना ऑक्सिजन लावला, तेवढा त्यांनी लावू दिला. तीन मशीन तयार होती, पाणी फिरत होतं, आणि एकालाही माणूस जोडलेलं नव्हतं. शिपायाकरवी पेंटरनी खालून निरोप पाठवला, आक्काला सांगा, माझ्यापायी मरू नको.

“त्याला म्हनावं, तुज्यापायी कोन मरतंय,” आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मालन गेली तवा तुमी काय केलंसा? चादरीत गुंडाळली नि धाडून दिली हुपरीला. मोठ्या साहेबानं इचारलं का, कोन गेली म्हनून? त्या एका कागदावर ती गेलेली दिसली. तेबी काडून घेतलं. आनि आता म्हनं माजं मन दुखावलं!” तिला दम लागला. “माजं मरान हाय न्हवं? मग मी हसंन, न्हाईतर बोंबलंन. ह्येंचं काय जातंय?”

साडेनऊला बापूसाहेब आले. दारातच थबकले. रिकामी मशीन, ऑक्सिजनवर मास्तर, स्टुलावर आक्का.

“हा काय प्रकार आहे? सिस्टर, लावा ह्यांना.”

“लावून घेत नाहीत, सर.”

“आजी, हे तुमच्याच भल्यासाठी केलंय,” ते आवाज मऊ करून म्हणाले. “तो माणूस तुमच्या आजाराची चेष्टा करत होता. तुमच्या भावना दुखावल्या म्हणून—”

“कुनी सांगितलं?”

“पेशंटचीच तक्रार आहे. माझ्याकडं लेखी आहे.”

“कंच्या पेशंटची? नाव सांगा.”

 बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, खात्री होती. ही गप्प बसेल याची खात्री. ती बघून माझ्या अंगातून जे काही सणकून गेलं, त्याला राग म्हणायचा की लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

“पेशंटची नाही,” मी म्हणाले. “एकाही पेशंटनं तक्रार केलेली नाही. तो कागद मी लिहिलाय. साहेबांनी सांगितला तसा लिहिलाय आणि त्यातलं एक अक्षर खरं नाही. ती चित्रं बोर्डावर मी लावली होती. मालनवरचंसुद्धा मीच लावलं.”

“सिस्टर!”

“आणि त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले की माहीत नाही. तेही खोटं.”

 “माझ्या आईच्या नावावर तुम्ही लोक हसलात,” बापूसाहेब म्हणाले. “माझ्या आईच्या नावावर!”

आक्का स्टुलावरून उठली. उठताना तिला भिंत धरावी लागली. “तुमच्या आईचं नाव बंद मशीनवर कुनी लावलं?” ती म्हणाली. “आमी?”

 बापूसाहेब मास्तरांकडे बघत राहिले. मास्तरांचा श्वास खोलीभर ऐकू येत होता. संस्थेच्या खाटेवर, तयार मशीनच्या शेजारी, एक शिक्षक असा गेला तर उद्या गावात काय बोललं जाईल, हे त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असावं. की आणखी काही आलं, मी कशाला ठरवू.

“बोलवा त्याला,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

मी आधी मास्तरांना लावलं, मग आक्काला. माझे हात कसे चालले मला ठाऊक नाही. पुढं सव्वा महिन्यानं भिंत फोडली, फलक दुसरीकडं बसवला, चौथं मशीन सुरू झालं. त्याची बातमी आली, फोटो आला, त्यात बापूसाहेब होते. त्याच महिन्याच्या अखेरीस मला ‘संस्थेच्या शिस्तीचा भंग’ या कारणावरून काढलं. आई आणि मी मावशीकडे राहायला गेलो आणि मी दुसऱ्या एका दवाखान्यात लागले. मास्तर आणखी दोन वर्षं जगले. पेंटर अकरा महिने. चित्रं त्यांनी शेवटपर्यंत काढली, ती बोर्डावर लागतही राहिली, असं मला आक्कानं बाजारात भेटल्यावर सांगितलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या सोमवारी पेंटर दोघांच्या आधारानं वर आले. खाटेवर पडले. शमशादभाभी बाहेर बसल्या. मी सुयांचा ट्रे घेऊन त्यांच्याजवळ गेले. आक्कानं किंवा आणखी कुणी सांगायच्या आत मला सांगायचं होतं.

“पेंटर, तो तक्रारीचा कागद मी लिहिला होता.”

ते छताकडे बघत होते. “माहीत आहे.”

“कसं?”

“शमशादला समज द्यायला शनिवारी ऑफिसात बोलावलं, तेव्हा दाखवला. तिनं अक्षर ओळखलं, तुम्ही तिला पथ्याची यादी लिहून दिली होती ना. मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, सिस्टर असं लिहिणार नाहीत. कुणीतरी त्यांच्या नावानं लिहिलंय. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.” त्यांचा श्वास अडकला. “दोन दिवस. आणि माझ्याकडं दिवस किती?”

 मी मूर्खासारखी, त्यांच्या सवयीनं, त्यांनाच आधाराला धरू बघत म्हणाले, “ह्याच्यावर एक चित्र होईल, नाही का? घाबरट नर्स.”

पेंटरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना सुई चुकल्यावर रागावलेलं पाहिलं नव्हतं, मशीन अर्ध्यात बंद पडल्यावर पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

“नाही होणार,” ते म्हणाले. “मी मरणावर हसतो, कारण ते कुणी केलेलं नाही. हे तुम्ही केलंत. स्वतःच्या हातानं, सही करून. हे हसण्यावारी नेऊ नका, सिस्टर.”

 आक्कानं तोंड भिंतीकडे केलं होतं. मास्तरांनी डोळे मिटलेले होते, पण ते जागे होते.

“चुकले मी,” मी म्हणाले.

“हो,” पेंटर म्हणाले आणि डावा हात पुढे केला. “लावा. उशीर झालाय.”

मी सुया लावल्या.  चार तास पॅड उशाशी होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. मी दर अर्ध्या तासानं रक्तदाब बघत होते, आकडा लिहीत होते आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसत होते. वेळ संपल्यावर सुया काढल्या, कापूस दाबून धरला, पट्टी बांधली. ते उठून बसले आणि चपला पायात सरकवल्या.

“गुरुवारी ड्यूटीला तुम्हीच आहात ना?” त्यांनी विचारलं.

“मीच आहे.”

“मग ठीक,” ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता शमशादभाभींचा हात धरून जिना उतरायला लागले.